बंदर ओसरले, जत्रा राहिली

(आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात नाशिक येथे दिलेले व्याख्यान)



संमेलनाचे कार्यवाह माझ्याकडे आले ते एका सोप्या मागणीसाठी. दिवसभर अहवाल, हिशेब आणि निवडणूक यांनी सभासद शिणलेले असतात. सायंकाळी त्यांना चार घटका दुसऱ्या मुलखात फिरवून आणावे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. मी ते आनंदाने मान्य केले. परंतु ज्या गावी आज मी आपणांस नेणार आहे तेथून परतताना आपल्या हाती एक ठराव देण्याचाही माझा मानस आहे, हे आरंभीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे कोणी फसगत झाल्याची तक्रार करावयास नको.

ते गाव म्हणजे वेंगुर्ले. आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील, गोव्याच्या उंबरठ्यावरील जुने बंदर. आपल्यापैकी पुष्कळांनी ते नाव काजूच्या पुड्यावर वाचले असेल, काहींनी कवींच्या चरित्रात वाचले असेल. पण मुद्दाम उठून तेथे जाणारे आपल्याकडे थोडेच. देवदर्शनास आपण पंढरपूरला जातो, हवापालटास महाबळेश्वरी जातो. बंदर पाहावयास म्हणून कोणी गेला, तर त्यास घाटावरचा माणूस जरा विचित्रच समजतो.

वस्तुतः नाशिककरांचा आणि बंदरांचा संबंध अगदी पुरातन आहे. पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे लेख कोरलेले आहेत. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे आपण प्रवाशांसाठी विश्रामशाळा बांधल्या, असे तो त्यांत सांगतो. भरुकच्छ म्हणजे भडोच आणि शूर्पारक म्हणजे सोपारा; ही दोन्ही बंदरे. गोवर्धन तर आपल्या गंगापूरच्या वाटेवरचेच. दमण, तापी, डहाणुका अशा नद्यांवर त्याने होड्यांची मोफत सोय केल्याचाही उल्लेख आहे. समुद्रावरून आलेला माल आणि माणूस घाट चढून दख्खनेत शिरत असे, आणि त्या वाटेवर नाशिक उभे होते. हा लेख आपण ध्यानात ठेवावा. त्याच लेण्यातील आणखी एका नोंदीकडे मला शेवटी यावयाचे आहे.

तेव्हा वेंगुर्ल्यास जाणे म्हणजे परमुलखात जाणे नव्हे. मुंबईहून कोकण रेल्वेने निघावे. हा लोहमार्ग १९९८ च्या जानेवारीत संपूर्ण खुला झाला. कुडाळ स्थानकावर उतरून मठ गावावरून जाणाऱ्या रस्त्याने वेंगुर्ले गाठावे. विमानानेच जावयाचे असेल, तर २०२१ साली याच तालुक्यातील चिपी येथे विमानतळ झाला आहे. पण माझ्या मते रेल्वेच बरी. बोगद्यामागून बोगदे आणि पुलामागून पूल ओलांडताना कोकण आजवर वेगळे का राहिले आणि त्याच्या चालीरीती इतक्या हट्टाने का टिकल्या, याचे अर्धे उत्तर खिडकीतूनच मिळते.

आता बंदराची कुळकथा थोडक्यात सांगतो. १६३७ च्या सुमारास डचांनी येथे वखार घातली. पोर्तुगीजांचे गोवे अगदी शेजारी. त्याची नाकेबंदी करणाऱ्या आपल्या जहाजांना पाणी, अन्न आणि विसावा मिळावा, म्हणून डचांना हे ठिकाण सोयीचे वाटले. तावेर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या १६४८ साली येथे येऊन गेला. त्याने या गावाचे नाव 'मिंग्रेला' असे नोंदवले आहे. सतराव्या शतकातील युद्धांत गाव पुनःपुन्हा होरपळले आणि पुनःपुन्हा उभे राहिले. पुढे ते सावंतवाडीकरांकडून १८१२ साली इंग्रजांच्या हाती गेले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आंबोलीच्या घाटातून बेळगावकडे जाणारा रस्ता झाला, तेव्हा घाटावरचा कापूस-धान्य आणि समुद्रावरचा माल यांची अदलाबदल याच बंदरात होऊ लागली आणि वेंगुर्ल्याला बरकत आली.

परंतु १८८८ च्या सुमारास मार्मागोव्याहून घाटावर जाणारी रेल्वे सुरू झाली आणि बैलगाड्यांची रांग तिकडे वळली. तरीही मुंबईच्या आगबोटी पुढे अनेक वर्षे किनाऱ्याने येत राहिल्या. मुंबईच्या गिरणीत गेलेला चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला याच धक्क्यावर उतरत असे. कालांतराने रस्ते सुधारले, एस. टी. आली, आगबोटी बंद पडल्या. आज धक्क्यावर मासेमारीच्या होड्या असतात, टेकडीवर दीपस्तंभ असतो, आणि डच वखारीच्या जाड जांभ्या भिंती छपरावाचून उभ्या आहेत. जगाचा व्यापार ज्या दाराने आत येत असे ते दार आता नावापुरते उरले आहे.

असे बंदर ओसरले म्हणजे सामान्यतः गाव झोपी जाते. सोपाऱ्याचे काय झाले ते आपण जाणतोच. एके काळचे जगप्रसिद्ध बंदर गाळाने भरले आणि आज लोकलगाडीच्या एका स्थानकाच्या नावात शिल्लक राहिले. वेंगुर्ल्याचे मात्र तसे झाले नाही. मंगेश पाडगावकर १९२९ साली याच गावी जन्मले. याच तालुक्यातील शिरोड्याच्या शाळेत वि. स. खांडेकर यांनी १९२० पासून १९३८ पर्यंत शिक्षकाचे काम केले; १९३० चा मिठाचा सत्याग्रहही त्या शिरोड्यासच झाला. आरवली हे जयवंत दळवी यांचे गाव. एवढ्याशा तालुक्यात इतके वाङ्मय कोठून आले, असा प्रश्न पडतो. मला वाटते, ज्या गावाच्या कानावर रात्र-रात्र नाटक आणि भजन पडत आले, त्या गावाच्या जिभेला शब्दांचे वळण आपोआप लागते.

येथे मी आजच्या मुख्य विषयाकडे वळतो. तो म्हणजे दशावतार.

तुळशीचे लग्न झाले, की या भागातील देवळांच्या जत्रा सुरू होतात. एका गावाची जत्रा संपते तोच पुढच्या गावाची येते, आणि हे चक्र थेट पावसाळा तोंडाशी येईपर्यंत फिरत राहते. प्रत्येक जत्रेच्या रात्री देवळापुढे दशावताराचा खेळ व्हावयाचाच. मंडळी ठिकठिकाणची: मोचेमाडकर, खानोलकर, पार्सेकर, आरोलकर, वालावलकर अशी त्यांची नावे गावांवरून आणि घराण्यांवरून पडलेली. पूर्वी ही मंडळी वेषांचे पेटारे डोक्यावर घेऊन रानवाटेने चालत एका जत्रेहून दुसऱ्या जत्रेस जात. आता त्यांच्या गाड्या आहेत.

मी पाहिलेला खेळ मध्यरात्रीनंतर सुरू झाला. रंगमंच म्हणजे एक मांडव, मागे एक पडदा आणि मध्ये एक लाकडी बाक. तोच बाक राजाचे सिंहासन, तोच रथ, तोच वनातील शिलाखंड. बाजूस पायपेटी, पखवाज आणि झांज. प्रथम आडदशावतार होतो: गणपती येतो, ऋद्धिसिद्धी येतात, मोरावर बसलेली सरस्वती नाचत येते, मग वेद चोरणारा काळाकभिन्न संकासुर प्रवेश करतो आणि प्रेक्षकांची यथेच्छ चेष्टा करून विष्णूच्या हातून मरतो. संकासुर बोलतो ती भाषा स्वर्गाची नव्हे, गावची. त्यामुळे गावातील अडलेला रस्ता आणि पुढाऱ्यांची आश्वासने यांचाही त्या पौराणिक रात्री समाचार घेतला जातो. त्यानंतर मुख्य आख्यान लागते, आणि ते उजाडेपर्यंत चालते.

मला सर्वांत मोठे नवल वाटले ते हे, की या नाटकाला लिहिलेली संहिता नसते. आज कोणते आख्यान लावावयाचे ते नाईक सांगतो, कोणी कोणते पात्र घ्यावयाचे ते ठरते, आणि बाकी सर्व संवाद नट रंगमंचावर उभ्या-उभ्या रचतात. पुराणातील दाखले, प्रतिपक्षाला निरुत्तर करणारे युक्तिवाद, प्रसंगोचित पद, हे सारे मुखोद्गत असावे लागते. रंगभूषा ज्याची त्याने करावयाची. स्त्रीपात्रे पुरुष करतात, आणि ती अशा मर्यादेने करतात की पाहणाऱ्याला काही वेळाने त्याचा विसर पडतो. मराठी रंगभूमीचा जन्मदिवस म्हणून आपण ५ नोव्हेंबर पाळतो, कारण १८४३ साली त्या दिवशी सांगलीस विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले. तो दिवस वंदनीय आहेच. पण त्याच्याही आधीपासून देवळापुढच्या मांडवात मराठी माणूस नाटक करीत होता, हे दशावतार पाहिल्यावर डोळ्यांना पटते.

पहाटे दहीकाला झाला, प्रसाद वाटला गेला, आणि नट तोंडावरचा रंग पुसू लागले. त्यांतील एका वयस्क नटाशी माझा संवाद झाला. मी त्यास आपल्या शहरी पद्धतीने विचारले, की सरकारने किंवा समाजाने आपला पुरेसा सन्मान केला आहे, असे आपणांस वाटते काय? तो हसला आणि म्हणाला, "आमका शाल नको, नारळ होयो. शाल एकदा गावता, नारळ दर वर्साक येता."

मंडळी, या एका वाक्यासाठी मी आपणांस इतक्या लांब नेले. तेथे नाटकमंडळीला बोलावणे धाडताना नारळ देतात. नारळ म्हणजे पुढच्या जत्रेची तारीख. शाल ही झालेल्या कामाची पोचपावती आहे. नारळ हे पुढील कामाचे निमंत्रण आहे. त्या वृद्ध नटाला म्हणावयाचे होते ते असे, की कला मानाने जगत नाही, ती मागणीने जगते; आणि एकदाच आलेल्या मागणीने नव्हे, तर दर वर्षी फिरून येणाऱ्या मागणीने. जत्रा ठरलेली असल्यामुळे नट ठरतो, नट ठरल्यामुळे त्याच्या हाताखाली पोरगा तयार होतो, आणि पोरगा तयार होतो म्हणून पुढची जत्रा होते.

हे सूत्र हाती आल्यावर मी त्या परिसरात जे जे पाहिले ते ते त्याने उलगडू लागले. कोकणात गणपतीची मूर्ती घडविण्याच्या जागेला 'गणपतीची शाळा' म्हणतात. घरोघरचे लोक आपला लाकडी पाट आधी काही दिवस शाळेत नेऊन ठेवतात आणि त्याच पाटावर त्यांची मूर्ती घडते. पाट आला म्हणजे मागणी आली. मूर्तिकाराला गिऱ्हाईक शोधत फिरावे लागत नाही, आणि शाळेत माती मळता-मळता शेजारची मुलेही डोळे रेखावयास शिकतात. आरवलीस वेतोबाचे देवस्थान आहे. गावाच्या रक्षणासाठी वेतोबा रात्री फेरी घालतो, तेव्हा त्याच्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा; म्हणून भाविक त्यास केळ्यांचे घड आणि चामड्याच्या मोठ्या वहाणा अर्पण करतात. त्या श्रद्धेविषयी कोणाचे काय मत असेल ते असो. परंतु तेवढ्या मोठ्या मापाची वहाण हाताने शिवणारा कारागीर त्या नवसांमुळे जिवंत आहे, ही गोष्ट तर खरी.

याच सूत्राची दुसरी बाजूही तेथेच पाहावयास मिळते. कुडाळजवळ पिंगुळी नावाचे गाव आहे. तेथील ठाकर समाज चित्रकथीची कला जाणतो. रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे एकामागून एक पुढे धरावयाची आणि वाद्यांच्या साथीने कथा गावयाची. तशाच कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्याही नाचवावयाच्या. या कलेला सावंतवाडी संस्थानचा आश्रय होता. संस्थान गेले, करमणुकीची नवी साधने आली, बोलावणे थांबले, आणि चित्रांच्या पोथ्या घरोघरी पडून राहिल्या. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गुरांच्या गोठ्याचे संग्रहालय करून ही कला जिवाच्या कराराने राखली. २०२१ साली त्यांना 'पद्मश्री' मिळाली. त्यांच्या तपश्चर्येपुढे मी नतमस्तक आहे. परंतु एका कुटुंबाला एवढी तपश्चर्या का करावी लागावी? दशावताराला मागणी गावोगावच्या जत्रेकडून येत होती, चित्रकथीला ती मुख्यतः दरबाराकडून. दरबार एका दिवसात बंद होऊ शकतो. शंभर गावांच्या जत्रा एका दिवसात बंद होत नाहीत.

सावंतवाडीच्या गंजिफांची कथाही विचार करण्याजोगी आहे. गंजिफा म्हणजे हाताने रंगविलेले वाटोळे पत्ते. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकाची बारा पाने, मिळून १२० पाने. छापील पत्ते स्वस्त झाले, गंजिफा खेळणारे कमी झाले, आणि चितारी मंडळींचे हात थांबले. १९७१ च्या सुमारास राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच काम सुरू करून ही कला पुन्हा उभी केली. त्यांनी केवळ पत्ते रंगविले नाहीत. लाखेच्या रंगाचे पाट, पेट्या, खेळणी, घरात रोज वापरता येतील अशा वस्तू त्याच हातांकडून करून घेतल्या. जुना उपयोग संपला तर कलेला नवा उपयोग शोधून द्यावा लागतो, हा धडा तेथे मिळतो.

येथे कोणी म्हणेल, की जुन्या जत्रेचे गोडवे गाणे म्हणजे जुनी समाजव्यवस्था परत मागणे होय. आक्षेप योग्य आहे. जत्रेचे मानपान ज्ञातीवर ठरत. कोणी पालखी धरावयाची आणि कोणी उंबऱ्याबाहेर उभे राहावयाचे, हेही त्यातच ठरलेले असे. त्याच कोकणात, रत्नागिरीस, सर्वांना खुले असे पतितपावन मंदिर १९३१ साली उभारावे लागले, यातच काय ते आले. तेव्हा मला जत्रेतील उच्चनीच नको आहे. जत्रेतील पंचांग हवे आहे. ठरलेल्या दिवशी, ठरलेले काम, ठरलेल्या मोबदल्यावर, कोणी विनंती न करता येत राहावे, एवढेच मी तिच्यातून उचलू इच्छितो. आज दशावताराच्या मंडळींत नाना ज्ञातींचे लोक तोंडाला रंग लावतात, आणि त्यामुळे ती कला क्षीण झालेली नाही. उलट तिला नवे गळे मिळाले आहेत.

आता आपण गोदाकाठी परत येऊ.

आपण तांबट. आपल्या नावातच धातू आहे. नाशिकच्या भांडीबाजाराची कीर्ती आपल्या वाडवडिलांच्या हातोडीने झाली. हंडे, कळशा, घंगाळी, बंब, पराती, ताम्हने, पळी-पंचपात्री. एकही संसार या वस्तूंवाचून उभा राहत नसे. ऐरणीवर पत्रा धरून अंतराअंतराने ठोके देणे, म्हणजे मठारणे, हे केवळ शोभेसाठी नसते. तांबे तापविले की मऊ होते आणि ठोकले की कठीण होते. मठारलेल्या भांड्याला पोचा सहज येत नाही तो यामुळे. हे ज्ञान कोणी पुस्तकात वाचून मिळविलेले नव्हते. ते कानाने मिळत असे. ठोक्याचा नाद बदलला की पत्रा पुन्हा भट्टीत घालावयाची वेळ झाली, हे बापाने मुलास शब्दांवाचून शिकविले.

मग ॲल्युमिनियम आले, त्यामागून स्टेनलेस स्टील आले. कलई नको, चिंच-राख नको, किंमत थोडी. गृहिणींना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्या मनगटांना विसावा मिळाला, हे चांगलेच झाले. जे तांबे-पितळ आज खपते त्यातही यंत्रावर ओढलेले भांडे पुष्कळ, हाताने घडविलेले थोडे. आपली मुले शिकली, नोकऱ्यांत गेली, परदेशी गेली. याचाही मला आनंदच आहे. मुलाने ऐरणीला जन्मभर बांधून घ्यावे, असे मी म्हणणार नाही. परंतु ज्या मुलाला किंवा मुलीला ही विद्या घ्यावयाची आहे तिला पोट भरण्याची आशा आपण दाखवू शकतो काय, हा प्रश्न मात्र आपला आहे.

त्यासाठी आपण आजवर काय केले? दर संमेलनात एका वृद्ध कारागिराला व्यासपीठावर बोलावितो, शाल आणि श्रीफळ देतो, टाळ्या वाजवितो. तो खाली उतरतो आणि घरी जातो. त्यानंतर आपण गुणवंत विद्यार्थ्यांना पारितोषिके देतो, आणि ती पारितोषिके असतात बाजारातून आणलेली प्लॅस्टिकची, मुलामा दिलेली स्मृतिचिन्हे! तांबटांच्या संमेलनात तांबटांच्या मुलांना दुसऱ्याच्या कारखान्यातील मुलामा मिळतो. आपल्या लग्नांत आहेराची भांडी स्टीलची असतात. कारागिराला शाल आपण देतो. नारळ देत नाही.

आता मी आरंभी सांगितलेल्या लेण्याकडे येतो. त्याच दहाव्या लेण्यात, शकाच्या मानल्या जाणाऱ्या ४२ व्या वर्षाची एक नोंद आहे. उषवदाताने गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापणे ठेव म्हणून ठेवली, दरमहा शेकडा एक या व्याजाने. आणि दुसऱ्या एका श्रेणीकडे १००० ठेवली, शेकडा पाऊण या व्याजाने. श्रेणी म्हणजे त्या काळची व्यावसायिकांची संस्था, एका अर्थाने आपल्यासारख्या संस्थांची पूर्वज. मूळ रक्कम परत मागावयाची नाही, केवळ व्याज वापरावयाचे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना वर्षावासात चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापणे मिळावयाची. आपण व्यापारी माणसे. हिशेब करून पाहा. २००० वर दरमहा शेकडा एक म्हणजे वर्षाला २४०, आणि वीस भिक्षूंचे प्रत्येकी बारा म्हणजेही २४०. एक कार्षापणाचीही चूक नाही. हा व्यवहार निगमसभेत जाहीर करून नोंदविण्यात आला होता, असेही लेख सांगतो.

जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी, याच नाशकात, एका धनिकाने आपले दान हातावर हात ठेवून देऊन टाकले नाही. ते कारागिरांच्या संस्थेवर विश्वासाने सोपविले आणि असे बांधले, की दर वर्षी त्यातून वस्त्रांची सोय व्हावी. त्याने विणकरांचा सत्कार केल्याचा उल्लेख लेखात नाही. त्याने त्यांच्या हाती भांडवल आणि वचन दिले. वेंगुर्ल्याच्या नटाने जे एका वाक्यात सांगितले तेच त्रिरश्मी डोंगराच्या दगडावर कोरलेले आहे.

आपल्याकडेही फिरून येणाऱ्या मागणीची उदाहरणे नाहीत असे नाही. रंगपंचमीला आपल्या जुन्या तांबट लेनमधील रहाड वर्षातून एकदाच उघडते. पण वर्षभर बुजविलेली असूनही ती मेलेली नसते, कारण तिचा दिवस ठरलेला आहे. सिंहस्थ दर बारा वर्षांनी येतो, आणि यात्रेकरू गोदेचे पाणी तांब्याच्या गडूतून घरी नेतो. परंतु बारा वर्षांतून एकदा पेटणाऱ्या भट्टीवर कोणाचा संसार चालत नाही. आपल्याला दर वर्षीचा नारळ हवा.

म्हणून माझे तीन प्रस्ताव आहेत. पहिला: संस्थेच्या वतीने दिली जाणारी सर्व पारितोषिके व भेटवस्तू यापुढे हाताने घडविलेल्या तांब्या-पितळेच्याच असाव्यात, त्यांची मागणी दर वर्षी अक्षय्यतृतीयेस लेखी नोंदवावी, निम्मी रक्कम त्याच दिवशी द्यावी, आणि मागणीची संख्या कोणत्याही वर्षी मागील वर्षापेक्षा कमी करू नये. वस्तू मात्र वापरण्याजोग्या असाव्यात. कपाटात ठेवावयाच्या नव्हेत. दुसरा: या मागणीचे काम घेणाऱ्या प्रत्येक कारागिराने निदान एका शिकाऊ उमेदवारास हाताशी घ्यावे, आणि तो उमेदवार कोणत्याही ज्ञातीचा, मुलगा अथवा मुलगी, असू शकावा. विद्या आपल्या घरात कोंडून ठेवली तर ती आपल्याबरोबरच जाईल. तिसरा: आपल्या या स्मरणिकेच्या जाहिरातींच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा दर वर्षी स्वतंत्र निधीत जमा करावा, त्या निधीच्या मुद्दलास कोणत्याही कार्यकारिणीने हात लावू नये, आणि त्याचे व्याज केवळ वरील मागणीसाठी वापरावे.

याला खर्च येईल. हातघडणीचे भांडे यंत्राच्या भांड्यापेक्षा महाग पडते, हे भांड्यांच्या व्यापाऱ्यांना मी सांगावयास नको. त्या खर्चासाठी भोजनातील एक पक्वान्न कमी करावे लागले, तर ते करावे. आपण हे केले तरी तांबटाचा धंदा पूर्वीसारखा भरभराटेल, असे आश्वासन मी देत नाही. वेंगुर्ल्याच्या धक्क्यावरही आगबोटी परत आलेल्या नाहीत. परंतु व्यापार गेल्यावर गावाने स्वतःच्या हातातले पंचांग सोडले नाही, म्हणून तेथे आजही मध्यरात्री पखवाज वाजतो. आपल्या हातात जेवढे आहे तेवढे तरी आपण करावे, इतकेच माझे मागणे आहे.

हे तीनही प्रस्ताव मी लिहून आणले आहेत. उद्या सकाळच्या सर्वसाधारण सभेत ते ठराव म्हणून मांडण्याची अनुज्ञा अध्यक्षमहाराजांनी द्यावी, आणि सभासदांनी त्यांवर मोकळेपणाने, विरोधही असल्यास तो स्पष्टपणे, बोलावे. या वर्षीची अक्षय्यतृतीया गेली असली तरी पुढची ठरलेलीच आहे.